नव्याचे नऊ दिवस, आणि दहावा

माझ्या कपाटाच्या तळाशी १८ कॅलेंडरं रचून ठेवलेली आहेत. त्यांवर ना कुणाचे वाढदिवस, ना बिलांच्या तारखा. प्रत्येक दिवसाच्या चौकोनात फक्त एक खूण: टिंब, नाहीतर हंसपद, नाहीतर काहीच नाही. मी ३६ वर्षं प्रूफं तपासली. ओळीत एखादा शब्द राहून गेला की तो जिथे घालायचा तिथे आम्ही छपरासारखी छोटी खूण करतो, तिला हंसपद म्हणतात. ती खूण व्यायामाच्या कॅलेंडरात कशी आली, ते सांगायला बसले आहे. बाकीचं त्याच्या ओघात येईल.

वयाच्या ४४व्या वर्षापर्यंत मी व्यायाम नऊ वेळा सुरू केला होता. पहाटे उठून पळणं ११ दिवस टिकलं. दोरीच्या उड्या चार दिवस, मग घोटा सुजला. व्यायामशाळेचे वर्षाचे पैसे भरले आणि तीन आठवडे गेले. योगासनांचा वर्ग, पोहणं, एका मैत्रिणीबरोबर संध्याकाळचं फिरणं (ती दुसरीकडे राहायला गेली, फिरणंही तिच्याबरोबर गेलं), असं बरंच काही. आरंभशूरपणात मला कुणी हरवलं नसतं. मग एका दुपारी टेबलावरून प्रूफांचा गठ्ठा घसरला. कागद गोळा करायला जमिनीवर बसले आणि उठताना लक्षात आलं की टेबलाचा पाय धरल्याशिवाय मला उठता येत नाहीये. वय ४४. काही आजार नाही, काही दुखणं नाही. नुसतं बसून बसून मांड्यांमधलं बळ गेलं होतं.

त्या नऊही वेळांना माझ्याकडे सुरुवात कशी करायची याची उत्तम योजना होती. ती मोडल्यावर दुसऱ्या दिवशी काय करायचं, हे एकाही योजनेत नव्हतं. आणि मोडायचीच. पाहुणे येतात, ताप येतो, छापखान्याला सकाळपर्यंत सगळी पानं हवी असतात. आयुष्यभर टिकणाऱ्या व्यायामाची योजना करायची तर मोडलेल्या दिवसापासूनच करायला हवी, असं मला तेव्हा वाटलं आणि आजही वाटतं.

चौकोन कसा भरायचा

ठरवलेला पूर्ण व्यायाम झाला तर टिंब. तो जमला नाही, पण ठरवलेलं किमान केलं, तर हंसपद. काहीच नाही तर चौकोन कोरा. नियम एकच: दोन कोरे चौकोन लागोपाठ येऊ द्यायचे नाहीत. एक कोरा चालतो, त्याबद्दल स्वतःला बोल लावायचा नाही. दुसऱ्या दिवशी मात्र निदान हंसपद पडलंच पाहिजे.

माझं किमान असं आहे: हात न टेकता खुर्चीवरून १० वेळा उठायचं-बसायचं. भिंतीवर तळवे टेकून, शरीर फळीसारखं सरळ ठेवून १० वेळा भिंतीकडे झुकायचं आणि स्वतःला मागे ढकलायचं. दात घासताना अर्धा वेळ उजव्या पायावर, अर्धा वेळ डाव्या. मग घरातल्या घरात चार-पाच मिनिटं फेऱ्या. सगळं मिळून दहा मिनिटांच्या आत. त्याला कपडे बदलावे लागत नाहीत, बाहेर जावं लागत नाही, कुठली वस्तू लागत नाही.

तुमचं किमान वेगळं असेल, असावंच. पण ते ठरवताना सगळ्यात थकलेला दिवस डोळ्यांपुढे आणा: रात्रीचे साडेदहा, पाय दुखताहेत, कुणाशी तरी वाजलंय. त्या दिवशीही ‘एवढं तर करतेच’ असं म्हणता येईल इतकं ते लहान हवं. मी पहिल्यांदा २५ मिनिटांचं किमान ठरवलं होतं. ते किमान नव्हतंच, दुसरी योजनाच होती. आणि तीही मोडली. दुसरी चूक जास्त लाजिरवाणी. काही दिवस मी हंसपदाच्या जागी टिंब देऊ लागले. आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका शोधणाऱ्या बाईने स्वतःच्याच प्रूफात खोटी खूण करावी! ते थांबवलं, कारण हंसपदात कमीपणा काहीच नाही. राहून गेलेलं आत घेण्यासाठीच ती खूण आहे.

किमान कशाला तरी बांधून ठेवा. ‘वेळ मिळेल तेव्हा’ म्हणजे कधीच नाही. माझं दात घासण्याला बांधलेलं आहे, कारण ते मी कधी चुकवत नाही. लंडनमध्ये ९६ जणांवर केलेला, २०१०मध्ये छापून आलेला सवयींवरचा एक अभ्यास आहे. रोज ठरावीक प्रसंगी एक छोटी कृती केली तर ती आपसूक व्हायला किती दिवस लागतात, हे त्यात पाहिलं. मधला आकडा ६६ दिवसांचा आला, पण माणसामाणसांत फरक प्रचंड: कुणाला १८ दिवस, तर कुणाच्या बाबतीत २५४ दिवसांचा अंदाज. म्हणजे २१ दिवसांत सवय लागते हे ऐकून बाविसाव्या दिवशी स्वतःला नालायक ठरवण्याचं कारण नाही. त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट मला अधिक मोलाची वाटते: मध्ये एखादा दिवस चुकला तरी सवय लागण्यात फारसा अडथळा आला नाही. माझा एका कोऱ्या चौकोनाचा नियम मी आधीच लावला होता. हे नंतर वाचलं आणि जरा हायसं वाटलं.

ताप असेल, उलट्या-जुलाब असतील तर व्यायाम नाही, किमानही नाही. त्या चौकोनात मी आडवी रेघ मारते. रेघ कोऱ्यात मोजत नाही. सर्दीला रेघ नाही, हेही सांगून टाकते.

किती केलं म्हणजे पुरे

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२०च्या शिफारशी अशा: प्रौढांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम गतीची हालचाल करावी, किंवा ७५ ते १५० मिनिटं जोरकस, किंवा दोन्ही मिळून. शिवाय आठवड्यातून निदान दोन दिवस सगळ्या मोठ्या स्नायूंना ताकदीचा व्यायाम. पासष्टीपुढच्यांनी त्यात आठवड्यातून तीन दिवस तोल सांभाळण्याच्या व्यायामांची भर घालावी. या यादीतलं चालणं लोक उचलतात आणि ताकद सोडून देतात. त्यावर पुढे बोलते.

मध्यम गती म्हणजे काय, ते घड्याळ न बघताही कळतं. चालता चालता बोलता येतं पण गाता येत नाही, ती मध्यम. दोन-चार शब्दांवर दम घ्यावा लागतो, ती जोरकस. गप्पा मारत, दुकानांच्या काचांत बघत चालणं मनाला छान, पण या हिशेबात धरू नका. माझं टिंब म्हणजे ३० मिनिटं बोलता येईल पण गाता येणार नाही असं चालणं, आणि आठवड्यातले दोन दिवस चालण्याऐवजी ताकद.

रोज १०,००० पावलं हवीतच, हा समज कुठून आला माहीत आहे? १९६५च्या सुमारास जपानमध्ये पावलं मोजणारं एक यंत्र विकायला आलं. त्याचं नाव ‘मानपो-केई’, म्हणजे दहा हजार पावलं मोजणारं. गोल, गुळगुळीत, लक्षात राहणारा आकडा. आकडा वाईट नाही, पण तो विक्रीसाठी घेतलेला होता, वैद्यकातून आलेला नव्हता. साडेचार हजार पावलं चालणाऱ्याने सहा हजार केली तर फायदा होतोच. दहा पूर्ण होत नाहीत म्हणून सगळंच सोडणारी माणसं मी पाहिली आहेत. माझा भाऊ त्यातलाच.

आणि व्यायाम म्हणून केलेलीच हालचाल उपयोगी असते असंही नाही. १९५३मध्ये जेरेमी मॉरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लंडनच्या दुमजली बसगाड्यांवरचे कर्मचारी तपासले. दिवसभर बसून गाडी चालवणारे आणि दिवसभर जिना चढ-उतर करून तिकिटं देणारे. तिकिटं देणाऱ्यांत हृदयविकाराचं प्रमाण कमी निघालं. मी ते वाचल्यापासून घरात एक मुद्दाम गैरसोय करून ठेवली आहे: शब्दकोश टेबलावर नाही, दुसऱ्या खोलीतल्या वरच्या फळीवर. शब्द अडला की उठायचं. आणि माझ्या धंद्यात शब्द अडायचेच.

ताकद, म्हणजे ज्याकडे सगळे काणाडोळा करतात

तिशीनंतर दर दशकात स्नायूंचं वस्तुमान साधारण ३ ते ८ टक्क्यांनी घटत जातं आणि साठीनंतर हा वेग वाढतो. वजनकाट्यावर हे दिसत नाही, कारण स्नायू जातात तिथे चरबी येते आणि आकडा तोच राहतो. दिसतं ते जमिनीवरून उठताना, बरणीचं झाकण उघडताना, जिना उतरताना कठडा शोधणाऱ्या हातात. चालण्याने हृदयाला आणि दमाला फायदा होतो, पण स्नायूंची ही गळती नुसत्या चालण्याने थांबत नाही. त्यांना ओझं लागतं.

‘आता या वयात काय’ असं म्हणणाऱ्यांसाठी माझ्याजवळ एक दाखला आहे. १९९०मध्ये मारिया फियाटारोन आणि सहकाऱ्यांनी वृद्धाश्रमातल्या दहा जणांना मांड्यांसाठी वजनांचा चांगला कसून व्यायाम दिला. सरासरी वय ९०. आठ आठवडे नऊ जणांनी तो पूर्ण केला. मांड्यांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. नव्वदीत! ४४व्या वर्षी टेबलाचा पाय धरणाऱ्या मला यावर पुढे काही बोलायची सोय नव्हती.

सुरुवातीला कुठलंही यंत्र लागत नाही. शरीराच्या पाच हालचाली धरा: बसून उठणं, ढकलणं, ओढणं, जमिनीवरून उचलणं, आणि ओझं घेऊन चालणं. मी त्या अशा करते.

बसून उठण्यासाठी न हलणारी, बिनहाताची खुर्ची भिंतीला टेकवून ठेवायची. पाय खांद्यांएवढ्या अंतरावर, टाचा पूर्ण टेकलेल्या. पुढे झुकून उठायचं आणि बसताना मात्र सावकाश, मनात चार अंक मोजत. धपकन बसलात तर अर्धा व्यायाम वाया गेला, कारण खाली जाताना स्नायू शरीराला रोखून धरतो ते कामही तितकंच महत्त्वाचं आहे. गुडघे आत वळू द्यायचे नाहीत, पावलांच्या दिशेने राहू द्यायचे.

ढकलणं भिंतीपासून सुरू होतं, मग ओट्याच्या कडेवर, मग मजबूत बाकावर, मग जमिनीवर. जितकं आडवं तितकं जड. भिंतीवरून जमिनीपर्यंत यायला मला अडीच वर्षं लागली आणि जमिनीवर अजून सहाच होतात. ओढण्यासाठी मी रबरी पट्टा वापरते. तो दाराच्या मजबूत कडीत अडकवून कोपरं मागे खेचायची, पाठीची दोन्ही पाती जवळ आणायची. दिवसभर वाकून बसणाऱ्यांनी बाकी काही नाही केलं तरी हे करावं.

उचलण्याला माझ्याकडे कापडी पिशवी आहे, तिच्यात पुस्तकं. पाठ सरळ ठेवून, कमरेतून मागे सरत, पिशवी अंगाजवळ धरून उचलायची आणि तशीच ठेवायची. वाढवायचं झालं की एक पुस्तक जास्त. शेवटी तीच पिशवी एका हातात घेऊन घरभर चालायचं, मग दुसऱ्या हातात. शरीर एका बाजूला झुकू द्यायचं नाही. हा व्यायाम दिसायला बावळट आहे, पण पोट, पाठ, मूठ, खांदा, सगळ्यांचा कस लागतो.

प्रत्येक हालचाल ८ ते १२ वेळा, मध्ये दोन मिनिटं विश्रांती, असे दोन किंवा तीन फेरे. शेवटच्या दोन-तीन वेळा जड जायला हव्यात. बाराव्या वेळेलाही गप्पा मारता येत असतील तर ओझं कमी आहे. लागोपाठच्या दोन सत्रांत बारा वेळा नीट जमलं की थोडं वाढवा. जोर लावताना श्वास सोडायचा, रोखून धरायचा नाही, कारण श्वास रोखल्यावर रक्तदाब एकदम चढतो. दोन सत्रांत एक दिवस तरी मोकळा ठेवा.

दुखण्याचं जरा समजून घ्या, कारण बरेच जण तिथेच सोडतात. नव्या व्यायामानंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी स्नायूंत भरून आल्यासारखं दुखतं, दोन्ही बाजूंना सारखं. ते तीन-चार दिवसांत जातं आणि हलकं चालल्याने बरंही वाटतं. सांध्यात टोचणारं, एकाच बाजूचं, व्यायाम करतानाच वाढत जाणारं दुखणं वेगळं. तिथे थांबायचं. छातीत दडपण, चक्कर, कधी न लागणारी धाप, यांतलं काही झालं तर कॅलेंडर गुंडाळून ठेवा आणि ताबडतोब डॉक्टरांकडे जा. हृदयाचा, रक्तदाबाचा, साखरेचा त्रास आधीच असेल तर सुरुवात करण्यापूर्वीच विचारून घ्या.

ताटाबद्दल

खाण्यातही माझे नऊ दिवस झालेच. ४७व्या वर्षी मी तीन महिने जवळजवळ उपाशी राहून नऊ किलो घटवले. लोकांनी कौतुक केलं. पुढच्या वर्षात ११ किलो परत आले. त्या तीन महिन्यांत मी चिडचिडी झाले होते, केस गळत होते, आणि जी प्रूफं मी तेव्हा वाचली त्यांत दोन ढोबळ चुका तशाच छापल्या गेल्या. आयुष्यभर करता येणार नाही अशी कुठलीही पद्धत मी त्यानंतर एक दिवससुद्धा केली नाही. खाण्याच्या कुठल्याही सल्ल्यावर हाच एक प्रश्न विचारावा: हे मी सत्तराव्या वर्षी करत असेन का?

‘वय झालं की शरीराची भट्टी मंदावते, म्हणून वजन वाढतं’ ही माझी आवडती सबब होती. तीही गेली. २०२१मध्ये हर्मन पॉन्टझर आणि सहकाऱ्यांनी आठ दिवसांच्या बाळापासून ९५ वर्षांपर्यंतच्या सहा हजारांहून अधिक माणसांचा ऊर्जावापर तपासून मांडला. शरीराच्या आकाराचा हिशेब वजा केला तर साधारण २० ते ६० वर्षांत तो जवळपास स्थिर राहतो, घट होते ती साठीनंतर, तीही हळूहळू. म्हणजे माझी भट्टी ठीक होती, रात्री प्रूफं वाचता वाचता उघडलेला बिस्किटांचा पुडा ठीक नव्हता.

त्या पुड्याबद्दलही एक अभ्यास आहे. २०१९चा, अमेरिकेतला, केविन हॉल यांचा. २० माणसांना महिनाभर संशोधन संस्थेतच ठेवून दोन आठवडे कारखान्यात तयार झालेलं अतिप्रक्रियायुक्त अन्न आणि दोन आठवडे साधं, घरी शिजवल्यासारखं अन्न दिलं. दोन्ही वेळा पुढ्यात ठेवलेल्या जेवणातले उष्मांक, साखर, मीठ, तंतू सारखे राखले होते. हवं तेवढं खा, असं सांगितलं. पाकिटातल्या अन्नावर माणसं रोज सरासरी ५०० उष्मांक जास्त खात होती, आणि भराभर खात होती. म्हणून मी पुड्यातून थेट खाणं बंद केलं. हवं असेल तर दोन बिस्किटं बशीत काढायची, पुडा जागेवर ठेवून यायचं, मग बसून खायची. बहुतेकदा उठायचा कंटाळा येऊन तिसरं राहून जातं. आळसाचा असाही उपयोग होतो.

रोजच्या ताटाचा हिशेब डोळ्यांनी करायचा. अर्धं ताट भाज्या आणि फळं, पाव भाग अख्खी धान्यं, पाव भाग प्रथिनं. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला निदान ४०० ग्रॅम भाज्या-फळं सांगते (बटाटे त्यात धरत नाहीत), मीठ ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे चहाचा एक सपाट चमचा, आणि वरून घातलेली साखर (मध आणि फळांच्या रसातलीही त्यातच धरतात) एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांच्या आत, जमल्यास ५ टक्के. २,००० उष्मांकांच्या आहारात १० टक्के म्हणजे ५० ग्रॅम साखर. गोड शीतपेयाच्या एका ३३० मिलिलिटरच्या डब्यात ३५ ग्रॅमच्या आसपास असते, तेवढ्यावरून काय ते ओळखा. पिऊन घेतलेल्या साखरेने पोट भरल्याची जाणीवही होत नाही. घरी एकच गोष्ट बदलायची ताकद असेल तर गोड पेयं बंद करा, बाकीचं सावकाश.

प्रथिनांकडे मात्र मी बारकाईने बघते, कारण ताकदीच्या व्यायामाला कच्चा माल तोच. प्रौढांसाठी वजनाच्या दर किलोमागे ०.८ ग्रॅम हा नेहमीचा आकडा. वय वाढल्यावर १ ते १.२ ग्रॅम असावं असं बरेच तज्ज्ञ सांगतात. माझं वजन ५८ किलो, म्हणून मी ६० ग्रॅम धरते. एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम, मोठ्या पेलाभर दुधात ८, शंभर ग्रॅम शिजलेल्या मसुरीत ९. मासे किंवा कोंबडी असेल तर शंभर ग्रॅममध्ये २० ते ३०. एकदा आठवडाभर वहीत लिहून पाहा. मी लिहिलं तेव्हा माझी बेरीज ३८च्या पुढे जाईना, आणि त्यातलं बहुतेक रात्रीच्या जेवणात. सकाळचं खाणं म्हणजे नुसती पिठूळ गोष्ट आणि चहा. मग सकाळी अंडं किंवा दही आणि दुपारी कडधान्य पक्कं केलं. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी मात्र प्रथिनं वाढवण्याआधी डॉक्टरांना विचारायलाच हवं.

खाण्याच्या बाबतीतही हंसपद आहे. लग्न, मेजवानी, प्रवास, कुणी आग्रहाने वाढलेलं: खावं, आवडीने खावं. फक्त त्यानंतरचं जेवण नेहमीचं हवं. भरपाई म्हणून उपास करायचा नाही आणि ‘आज बिघडलंच आहे तर उद्यापासून’ असंही म्हणायचं नाही. एक जेवण कोरं गेलं, पुढच्यात खूण केली, संपलं.

झोपेचं थोडक्यात. सात तासांहून कमी झोपलेल्या दिवशी मी जास्त खाते, गोड खाते आणि व्यायाम टाळते. १८ कॅलेंडरांत याला अपवाद फार थोडे.

मोठी खिंडारं

एक-दोन दिवसांचं सांगून झालं. पण आयुष्यात महिने जातात. माझ्या अकराव्या कॅलेंडरात चार महिने पूर्ण कोरे आहेत. आई पडली, खुब्याचं हाड मोडलं, नंतर ती गेली. त्या दिवसांत मी कशाच्या खुणा करणार? नियम वगैरे आठवलेसुद्धा नाहीत. पण आईच्या उशाशी बसून मी जे पाहिलं ते विसरले नाही. तीन आठवड्यांत तिच्या पोटऱ्या माझ्या मनगटाएवढ्या झाल्या.

पडून राहण्याने काय होतं याचा एक जुना, प्रसिद्ध प्रयोग आहे. १९६६मध्ये अमेरिकेत डॅलसला विशीतल्या पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे अंथरुणात पडून ठेवलं आणि त्यांची दमाची क्षमता मोजली. ३० वर्षांनी तेच पाच जण, आता पन्नाशीतले, पुन्हा तपासले. तीन आठवड्यांच्या पडून राहण्याने जेवढी घसरण झाली होती तेवढी ३० वर्षांच्या वय वाढण्याने झाली नव्हती. मग त्यांनी सहा महिने बेताचा, हळूहळू वाढवलेला व्यायाम केला आणि वयाने गेलेली दमाची क्षमता परत मिळवली. मला या प्रयोगातला शेवटचा भाग जवळचा वाटतो.

म्हणून मोठ्या खंडानंतर परतायचं कसं, ते सांगते. पहिला आठवडा फक्त हंसपदं. अंगात उत्साह असला तरी टिंब नाही, कारण जुन्या ताकदीच्या आठवणीने जुनं ओझं उचलायला गेलं की दुखापत होते. (माझ्या खांद्याला विचारा.) दुसऱ्या आठवड्यापासून पूर्वीच्या निम्मं: निम्मी पुस्तकं, निम्मा वेळ. त्यानंतर दर आठवड्याला थोडं वाढवत महिन्या-दीड महिन्यात जुन्या जागी. चार महिने सुटलं असेल तर याहूनही जास्त वेळ द्या. एक दिलासा असा की आधी कमावलेली ताकद पहिल्यापेक्षा लवकर परत येते. मोजमाप नव्या कॅलेंडरवर सुरू करायचं नाही, त्याच पानावर. मी ते चार महिने फाडून टाकले नाहीत.

शस्त्रक्रिया किंवा मोठ्या आजारानंतर मात्र पहिलं हंसपद कधी, हे डॉक्टर किंवा फिजिओथेरपिस्ट ठरवतील.

वाढदिवसाची परीक्षा

वजन मी आठवड्यातून एकदा बघते आणि फार मनावर घेत नाही. खरी तपासणी वर्षातून एकदा, वाढदिवसाला. तीन गोष्टी.

पहिली, दोरा. आपल्या उंचीएवढा दोरा कापायचा, दुमडून निम्मा करायचा आणि कमरेभोवती गुंडाळायचा, शेवटची बरगडी आणि कमरेच्या हाडाची वरची कड यांच्या मधोमध, श्वास सहज सोडून. टोकं जुळली तर ठीक, म्हणजे कंबर उंचीच्या निम्म्याहून कमी. जुळली नाहीत तर पोटातली चरबी वाढली आहे, मग काटा काहीही म्हणो. दुसरी, हात छातीवर दुमडून ३० सेकंदांत खुर्चीवरून किती वेळा पूर्ण उठता येतं. ६० ते ६४ वयाच्या बायकांना १२ आणि पुरुषांना १४ पेक्षा कमी जमलं तर ते सरासरीहून कमी धरतात. तिसरी, एका पायावर दहा सेकंद, कुठेही न धरता. शेजारी भिंत किंवा माणूस असू द्या.

यंदा मी ६२ पूर्ण केली. दोरा जुळला, बोटभर उरलाही. डाव्या पायावर दहा सेकंद झाले, उजव्यावर सातव्याला डुगडुगले, तेव्हा दात घासताना उजव्याला जरा जास्त वेळ द्यायचा आहे. खुर्ची १६ वेळा. गेल्या वर्षी १७ होती. सप्टेंबरात तीन आठवडे सगळ्या चौकोनांत नुसती हंसपदंच आहेत, मोठं पुस्तक छपाईला जात होतं. म्हणून पुढच्या दोन महिन्यांसाठी पिशवीत एक पुस्तक वाढवलं आहे. कोशाचा दुसरा खंड, चांगला जाडजूड.